मुलाखतीचे प्रश्न कामातून कसे काढायचे

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर काम करणारा अकाउंट्स असिस्टंट हवा असतो आणि मुलाखतीत विचारलं जातं, "एफ सेव्हन दाबलं की काय उघडतं?" उमेदवार सांगतो, जर्नल व्हाउचर. पुढचाही तेच सांगतो, त्याच्या पुढचाही. मग "स्वतःबद्दल सांगा", "तुमचा वीक पॉइंट काय", "पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता" हे तीन प्रश्न होतात, अपेक्षित पगार विचारला जातो, आणि जो जरा मोकळेपणाने बोलला त्याला फोन जातो. तीन महिन्यांनी लक्षात येतं की एकच बिल दोनदा चढलंय आणि दोनदा पेमेंटही गेलंय. उमेदवार त्या दिवशी खोटं बोलला नव्हता. बिल चढवताना तो काय तपासतो, हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

चाळीस-पन्नास माणसांच्या वर्कशॉपमध्ये वेगळं एचआर खातं नसतं. मालक, जुना अकाउंटंट किंवा सुपरवायझर मुलाखती घेतो, तेही रोजचं काम सांभाळून. हे लिखाण त्यांच्यासाठी आहे. उदाहरणं दोनच पदांची घेतली आहेत, अकाउंट्स असिस्टंट आणि सीएनसी टर्निंगचा, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथचा, ऑपरेटर. दुकान, दवाखाना, शाळेचं ऑफिस कुठेही भरती असली तरी प्रश्न काढायची रीत हीच.

आधी चुकांची यादी

प्रश्न शोधायला बसू नका, चुका शोधायला बसा. तीन माणसांना प्रत्येकी वीस मिनिटं मागा: आज ते काम करणारा, त्याचा साहेब, आणि ते काम बिघडलं की ज्याला निस्तरावं लागतं तो. तिसरा माणूस सगळ्यात जास्त उपयोगी पडतो आणि नेमकं त्यालाच विचारायचं राहून जातं. अकाउंट्सच्या बाबतीत तो तुमचा सीए असेल, सीएनसीच्या बाबतीत क्वालिटीवाला.

तिघांनाही एवढंच विचारा. गेल्या वर्षभरात या टेबलावर किंवा या मशीनवर काय चुकलं, ज्याचा भुर्दंड पडला? कोणी एखादी गोष्ट वेळेवर पकडल्यामुळे नुकसान टळलं असं केव्हा झालं? तेव्हा त्या माणसाने नेमकं काय केलं? उत्तर "लक्ष नसतं हो", "सिन्सिअर माणूस पाहिजे" असं आलं तर थांबा आणि एक प्रसंग मागा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी ही पद्धत १९५४ मध्ये सविस्तर मांडली. तिचं मूळ दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांच्या अभ्यासात होतं. चांगला वैमानिक कसा असतो यावर मतं न मागता, उड्डाणात प्रत्यक्ष काय घडलं ते गोळा करायचं, हा त्यातला गाभा.

अकाउंट्सची यादी साधारण अशी निघते: टू-बी (सप्लायरनी दाखवलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची महिन्याची यादी) मध्ये नसलेल्या बिलाचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या जीएसटीची वजावट, घेतलं, व्हॉट्सअॅपवर आलेला बिलाचा फोटो एकदा चढला आणि मूळ कागद आल्यावर पुन्हा चढला, टीडीएसची ७ तारीख चुकली, प्लेटिंगला पाठवलेला माल परत आला का, हे जॉबवर्कच्या चलनांवरून कोणी पाहिलंच नाही, एका पार्टीचं पेमेंट सारख्या नावाच्या दुसऱ्या पार्टीच्या खात्यात गेलं. दहा-बारा गोष्टी सहज जमतात.

आता चाळणी लावा. नवा माणूस तीन महिन्यांत जे शिकू शकतो ते यादीतून काढा. टॅलीच्या कळा, तुमची फाइल लावायची पद्धत, पोर्टलवर कुठे क्लिक करायचं हे आठवड्याभरात येतं, त्यावर मुलाखतीचा वेळ घालवू नका. उरलेल्यातून जे वारंवार घडतं किंवा एकदाच घडलं तरी महागात पडतं, अशा चार गोष्टी निवडा. फार तर पाच. चाळीस मिनिटांच्या मुलाखतीत त्याहून जास्त प्रश्न नीट विचारून होत नाहीत. उरकले तेवढे जातात.

गोष्टीचा प्रश्न करताना

एकाच गोष्टीवर तीन तऱ्हेने विचारता येतं. ज्याला त्या कामाचा अनुभव आहे त्याला घडलेलं विचारा: "बँक आणि लेजर जुळत नव्हतं अशी अलीकडची वेळ सांगा. फरक किती होता आणि सापडला कसा?" जो नुकताच बी.कॉम. किंवा आयटीआय होऊन आलाय त्याच्याकडे सांगायला प्रसंग नसतो. त्याला परिस्थिती द्या आणि तो काय करेल ते विचारा. तिसरी तऱ्हा म्हणजे काम समोर ठेवून करून बघायला सांगणं, आणि जिथे शक्य असेल तिथे हीच पहिली पसंती असू द्या.

परिस्थितीचा प्रश्न रचताना तारीख, रक्कम आणि दबाव या तिन्ही गोष्टी घाला. "टू-बी मध्ये बिल नसेल तर काय कराल?" असं विचारलं की उत्तर नियमाचं येतं. त्याऐवजी असं विचारा:

"आज १६ तारीख आहे. एका सप्लायरचं १,१८,००० रुपयांचं बिल आपण गेल्या महिन्याच्या खरेदीत घेतलंय, त्यात १८,००० जीएसटी आहे. माल आलाय, वापरलाही गेलाय. टू-बी काढली तर त्यात हे बिल नाही. थ्री-बी, म्हणजे महिन्याचं जीएसटी रिटर्न, २० तारखेला भरायची आहे. साहेब म्हणतात, माल आलाय ना, मग क्रेडिट घेऊन टाक. तुम्ही काय कराल?"

उमेदवाराला बोलावण्याआधी या प्रश्नाची उत्तरं तीन थरांत लिहून ठेवा. "सीए सांगतील तसं करू" किंवा "आता घेतो, पुढच्या महिन्यात बघू" हे खालचं उत्तर. "टू-बी मध्ये नाही म्हणजे घेता येणार नाही" हे मधलं. नियम बरोबर आहे, पण तिथेच थांबलेला माणूस अठरा हजार विसरून जातो. वरचं उत्तर देणारा आधी बिलावरचा आपला जीएसटी नंबर आणि बिल नंबर पडताळतो, कारण सप्लायरने चुकीच्या नंबरावर टाकलं असू शकतं. मग सप्लायरला फोन करून विचारतो की बिल जीएसटीआर-वन (विक्रीच्या बिलांचं रिटर्न) मध्ये टाकलंय का आणि रिटर्न मासिक आहे की तिमाही. वार्षिक उलाढाल ५ कोटींपर्यंत असलेला सप्लायर तिमाही पर्याय घेऊ शकतो. मग त्याचं बिल पुढच्या एखाद्या टू-बी मध्ये दिसू शकतं. या महिन्यात हा उमेदवार क्रेडिट घेत नाही, बिल बाकी यादीत लिहितो, आणि साहेबांना आकड्यात सांगतो की १८,००० यावेळी रोखीने भरावे लागतील.

मग एकच पुढचा प्रश्न: "साहेबांनी ऐकलंच नाही तर?" इथे तुम्हाला ज्ञान तपासायचं नाही. "मी मेलवर लिहून पाठवेन आणि सीएंना कॉपी ठेवेन" म्हणणारा माणूस आणि "मग काय, साहेब म्हणतील तसं" म्हणणारा माणूस, यातला कोण तुमच्या टेबलावर बसलेला हवा आहे ते आधी मालकांनी स्वतःशी ठरवावं. ज्या मालकाला दुसरा हवा असतो, त्याने हा प्रश्न विचारून उमेदवाराला अडचणीत टाकू नये.

तीन थर लिहिताना अडखळलात, "चांगलं उत्तर ऐकलं की कळेल" असं वाटलं, तर तो प्रश्न वगळा. तो तुमच्याही मनात अजून स्पष्ट नाही.

मशीनवाल्याला हातात काम द्या

सीएनसी ऑपरेटरला "ऑफसेट येतो का?", म्हणजे मशीनला मापाची दुरुस्ती देता येते का, असं विचारलं की शंभरातले शंभर "येतो" म्हणतात. त्याऐवजी टेबलावर चार वस्तू ठेवा: एक टर्न केलेला जॉब, त्याचं ड्रॉइंग, ०.०२ मिमी लीस्ट काउंटचा (तेवढ्या बारकाईने मोजणारा) व्हर्नियर आणि ०.०१ चा मायक्रोमीटर. ड्रॉइंगवर व्यास २५ ± ०.०२ मिमी आहे. जॉब मुद्दाम २५.०३ चा निवडा. कपाटातल्या रिजेक्शनच्या ट्रेमधून असा एखादा मिळतोच.

"हा मोजा आणि ओके आहे का सांगा." एवढंच म्हणा आणि गप्प राहा. आता तुम्हाला चार गोष्टी बघायच्या आहेत. एक, त्याने कोणतं साधन उचललं. ± ०.०२ ला ०.०२ चा व्हर्नियर घेणारा माणूस रोज नुसता अंदाज करणार. दोन, मोजण्याआधी जॉब आणि मायक्रोमीटरचे दोन्ही फेस पुसले का, झिरो बघितला का. तीन, शेवटी रॅचेटने (ठरावीक दाबाला घसरणारी टोकाची कळ) टाइट केलं की थिंबल (फिरवायची नळी) पिळलं. चार, एकाच जागी मोजलं की फिरवून दोन-तीन जागी. हे सगळं दोन मिनिटांत, त्याला एक शब्दही न विचारता कळतं. थिंबल पिळणारा हात बोलण्यात लपत नाही.

त्यानंतर विचारा: "वेअर ऑफसेटमध्ये काय टाकाल?" मशीन व्यासाच्या मापात चालत असेल तर उत्तर एक्समध्ये उणे ०.०३. मापाच्या मध्यावर आणायचंय, त्यामुळे नुसतं उणे ०.०१ टाकून वरच्या हद्दीवर टेकवणारा ऑपरेटर पुढच्या दहा जॉबांत पुन्हा बाहेर जाईल. हे ठीक आलं की खरा प्रश्न: "याच्या आधीचे तीन जॉब २५.००, २५.०० आणि २५.०१ होते. आता एकदम २५.०३. ऑफसेट द्याल का?" इन्सर्ट (टूलचा कापणारा तुकडा) हळूहळू झिजला तर माप हळूहळू वाढतं. एकदम उडी आली तर आधी पुन्हा मोजायचं, इन्सर्टची कड तुटली का बघायचं, जॉमध्ये (जॉब धरणाऱ्या पकडीत) चिप अडकलीय का बघायचं. जॉब गरम होता का, हेही चांगला ऑपरेटर विचारतो, पण २५ मिमीचा स्टीलचा जॉब २० अंशांनी गरम असला तरी जेमतेम ६ मायक्रॉन मोठा दिसतो, त्यामुळे या उडीचं कारण तेवढंच नसेल. "साहेब, आधी मशीन थांबवतो" हे ऐकू आलं की कागदावर पूर्ण गुण लिहा.

ऐकताना कुठे अडवायचं

आपल्याकडे माणसं स्वतःच्या कामाबद्दल "मी" म्हणायला संकोचतात. "आम्ही ऑडिट पूर्ण केलं", "ते नंतर क्लिअर झालं", "करून घेतलं". कर्ता कुठे गेला? काही वेळा तो संस्कार असतो, काही वेळा काम दुसऱ्याने केलेलं असतं, आणि बाहेरून दोन्ही सारखंच ऐकू येतं. म्हणून रागावल्यासारखं न वाटेल अशा सुरात विचारा, "त्यातलं तुमच्या हातचं काय होतं?" ज्याने काम केलंय तो लगेच बारकाव्यात शिरतो. त्या एक्सेलमध्ये कोणते कॉलम होते, कोणत्या पार्टीने उशीर केला, हेही सांगतो. ज्याने केलेलं नाही तो पुन्हा "आम्ही" वर येतो.

हाताशी एवढे पुढचे प्रश्न पुरतात: तेव्हा तुम्हाला काय माहीत होतं? आधी काय केलंत? मग काय झालं? आज तीच वेळ आली तर काय वेगळं कराल? प्रश्न विचारल्यावर दहा सेकंद थांबा. समोरचा आठवत असतो. त्या शांततेला घाबरून आपण स्वतःच उत्तर सुचवतो, "म्हणजे तुम्ही सीएंना विचारलं असेल ना?", आणि तो मान डोलावतो.

बावीस वर्षांच्या मुलालाही अहो-जाहो करा. अरे-तुरेने बोलावलेला मुलगा तासभर "हो सर", "नाही सर" च्या पलीकडे जात नाही, आणि मग त्याला बोलता येत नाही असं आपण ठरवून टाकतो. भाषेचंही तसंच. मराठी माध्यमातून आलेली, टू-बी चा ताळमेळ चोख करणारी मुलगी इंग्रजीत अडखळते म्हणून घरी पाठवली जाते, आणि पद असतं बिलं चढवण्याचं. कामाला इंग्रजी लागत नसेल तर मराठीत किंवा हिंदीत विचारा. लागत असेल तर नेमकं लागतं तेवढंच तपासा: दहा मिनिटं द्या आणि उशिरा पेमेंट देणाऱ्या कस्टमरला पाच ओळींचा मेल लिहायला सांगा.

बिघडलेले प्रश्न

"आमच्याकडे मार्चमध्ये उशीर होतो, चालेल ना?" याचं उत्तर नोकरी हवी असलेला प्रत्येक माणूस "चालेल" असंच देतो. ही तुमची अट आहे, तेव्हा ती सरळ सांगा: मार्चचे शेवटचे दोन आठवडे रात्री ९ पर्यंत थांबावं लागतं, ओव्हरटाइम मिळतो. तपासायचंच असेल तर "मागच्या ठिकाणी वर्षअखेरीचा शेवटचा आठवडा कसा गेला ते सांगा" असं विचारा.

एका वाक्यात दोन प्रश्न घातले की उमेदवार सोप्याचं उत्तर देतो. "टीमबरोबर कसं जमतं आणि वाद झाला तर काय करता?" याला "छान जमतं" एवढंच मिळतं.

वीक पॉइंटच्या प्रश्नाला "मी फार परफेक्शनिस्ट आहे" हे उत्तर पाठ असतं. त्याऐवजी "गेल्या वर्षात तुमच्या हातून झालेली, पैशात मोजता येईल अशी एक चूक सांगा, आणि ती कोणाला आधी कळली?" असं विचारून बघा. कोडी घालणं तर सोडूनच द्या. विमानात किती गोल्फचे चेंडू बसतील असले प्रश्न विचारण्यासाठी गूगल एके काळी प्रसिद्ध होतं. तिथले तेव्हाचे मनुष्यबळ विभागाचे प्रमुख लाझ्लो बॉक यांनी २०१३ मध्ये जाहीरपणे सांगितलं की त्यातून काहीच कळत नाही, विचारणाऱ्याला तेवढं हुशार वाटतं.

जे विचारायचंच नाही

"गाव कुठलं? आडनाव काय म्हणालात? म्हणजे तुम्ही..." हे वाक्य कुठे चाललंय हे समोरच्याला पहिल्या शब्दात कळतं. गप्पा म्हणून केलेल्या या चौकशीने एका माणसाचा घसा कोरडा पडतो आणि दुसऱ्याची पाठ ताठ होते. पुढची उत्तरं मग कामाबद्दलची राहत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये श्रीनगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रवेशाचं प्रकरण ऐकलं. दोन-तीन मिनिटांची मुलाखत आणि त्यात वडील कोण, राहता कुठे एवढेच प्रश्न, ही त्यातली तक्रार होती. असं झालं असेल तर ती मुलाखतच दूषित आहे, असं न्यायालयाने म्हटलं. ते कॉलेज सरकारच्या नियंत्रणाखालचं होतं हे खरं, पण त्यातला न्याय आपल्या केबिनमध्येही कळण्यासारखा आहे.

बायकांना "लग्न कधी?", "मुलं लहान आहेत का?" हे विचारणंही बंद करा. एलआयसीच्या फॉर्ममध्ये उमेदवार स्त्रियांना मासिक पाळी आणि गर्भारपणाबद्दल विचारणारे रकाने होते. ते अपमानास्पद आहेत, काढून टाका, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितलं. या प्रश्नांमागे तुम्हाला जाणून घ्यायचं असतं ते असतं वेळेचं आणि प्रवासाचं. मग तेच सांगा, आणि पुरुष-बाई सगळ्यांना सारखंच सांगा: "महिन्यातून दोनदा सकाळी ८ ला चाकणच्या कस्टमरकडे जावं लागतं, येण्याजाण्याचं भाडं मिळतं."

विचारण्याआधी प्रश्न तपासा, नंतर गुण लिहा

तयार झालेले प्रश्न आधी घरच्याच दोन माणसांवर करून बघा: एक त्या कामातला पक्का, एक नवखा. दोघांची उत्तरं सारखीच आली तर प्रश्न काहीच वेगळं करत नाही. पक्क्याला प्रश्न दोनदा समजवावा लागला तर शब्द बदला.

मुलाखतीच्या दिवशी सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. पहिली तीन मिनिटं पाणी, बसणं, पद काय आहे ते सांगणं. मग चार प्रश्नांना प्रत्येकी सहा मिनिटं, आठ मिनिटं हातातलं काम, आणि उरलेल्यात त्यांचे प्रश्न. उमेदवार बाहेर बाकावर एकमेकांशी बोलतात, त्यामुळे दुपारच्या फेरीला रक्कम आणि तारीख बदला, प्रश्नाची घडण नको. १,१८,००० च्या जागी ५९,००० घातले की पाठ केलेलं उत्तर लगेच उघडं पडतं.

प्रत्येक उत्तराला तिथल्या तिथे गुण द्या: खालच्या थराला १, मधल्याला ३, वरच्याला ५. शेजारी उमेदवाराचे दोन-चार शब्द जसेच्या तसे लिहा, "बरा वाटला" असं लिहू नका. मुलाखत घेणारे दोघं असतील तर दोघांनी आपापले आकडे लिहून झाल्यावरच बोलायचं, आणि मालकांनी शेवटी. त्यांनी आधी "पोरगा चांगला आहे" म्हटलं की सुपरवायझरचा १ चा ३ होतो. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी निवडीच्या पद्धतींवरचे जुने अभ्यास पुन्हा तपासले. ठरवून, सगळ्यांना सारखे प्रश्न विचारून गुण दिलेल्या मुलाखतीचा नंतरच्या कामाशी सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण) सरासरी ०.४२ निघाला आणि मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीचा ०.१९. मुलाखतीच्या दिवशी सांभाळलेल्या एवढ्या शिस्तीने दुपटीहून जास्त फरक पडतो.

शेवटची पाच मिनिटं उमेदवाराची आहेत, ती कापू नका. पगार किती तारखेला होतो, पीएफ कापता का, साप्ताहिक सुट्टी कोणती, आधीचा माणूस का गेला, हे चार प्रश्न हमखास येतात. उत्तरं खरी आणि आकड्यात तयार ठेवा. रुजू झालेल्याचा गुणांचा कागद त्याच्या फाइलला लावा आणि सहा महिन्यांनी काढून त्याच्या सुपरवायझरसमोर ठेवा. ज्या प्रश्नाला सगळ्यांना ५ मिळाले तो पुढच्या भरतीत नको. ज्या प्रश्नाला १ मिळूनही माणूस त्या कामात उत्तम निघाला, त्या प्रश्नाचे तीन थर पुन्हा लिहायला घ्या.